भुवई न हलवता

२ जानेवारी

यंदा काहीही शेवटच्या दिवसावर ढकलायचं नाही. रुग्णांच्या नोंदी त्याच दिवशी लिहायच्या, लोकरीचं टोपलं आवरायचं, आणि मासेमारीवरून नवऱ्याशी, कर्टिसशी, भांडायचं नाही. तो आजही गोठलेल्या तळ्यावर आहे. बर्फाला भोक पाडून त्या भोकाकडे बघत बसलाय. मी काही बोलले नाही. (जेवताना थोडं.)

लायसन्सचं वर्ष आहे, पण ती काळजी मला नाही. प्रमाणपत्राचं नूतनीकरण मी पानगळीतच करून टाकलं. नवा कागद फ्रेम करून कामावरच्या टेबलाच्या वर टांगलाय. ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट, खाली माझं पूर्ण नाव, लॉरेल जून टॉफ्टे, आणि सोनेरी शिक्का. लाइल आमच्या पुनर्वसन विभागाचा मॅनेजर आहे, त्याच्याही भिंतीवर एवढा सोनेरी शिक्का नाही.

५ जानेवारी, दुपारी

मारिसोल माझी वरिष्ठ, खरी थेरपिस्ट. वय अठ्ठावीस. रुग्णाला तपासून बेत ती आखते, रोज त्याच्याकडून करून मी घेते. ॲरिझोनाहून आली आहे, त्यामुळे थंडी आणि माणसं दोन्ही तिला एकदमच शिकावी लागतायत. आज म्हणाली, लायसन्सचं झालं का तुझं, हवं तर मी बसते तुझ्याबरोबर, मिळून बघू. मी म्हटलं, छे छे, तू कशाला त्रास घेतेस. ती बरं म्हणाली आणि गेली.

अशी कशी गेली? आमच्याकडे कुणी एकदा विचारलं की आपण नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं की खरंच नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, तुला अगदीच अडचण नसेल तर. साधी कॉफी घ्यायची तरी हीच रीत. मी दाराकडे तोंड करून थोडा वेळ उभीही राहिले. ती आली नाही. असो. गरजही नव्हती.

९ जानेवारी

ऑर्विल स्टेन्सरूड यांनी आज शर्ट स्वतः घातला. संपूर्ण. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा या माणसाला डावा हात आपलाच आहे हे पटत नव्हतं. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला माणूस, आणि बाही कुठे सुरू होते ते सापडेना. फिजिओवाले त्यांना चालवतात. चालून स्वयंपाकघरात गेल्यावर अंडं फोडायचं, पँट चढवायची, दाढी करायची, हे माझ्याकडे.

मी काहीच केलं नाही. फक्त म्हटलं, आधी डावा. मग म्हटलं, आता मानेमागून. मग बटणं चुकत होती तेव्हा नुसतं हं केलं. नोंद लिहिली: स्वतंत्रपणे, मदतीविना.

ऑर्विल म्हणाले, वाईट नाही. आमच्या गावात याच्यावर कौतुक नसतं.

१४ जानेवारी

राज्याच्या बोर्डाकडून पोस्टकार्ड. महिनाअखेर तुमचं लायसन्स संपतंय वगैरे. ज्यांनी नूतनीकरण केलंय त्यांनाही सरसकट पाठवतात, ही सरकारी पद्धतच आहे. कर्टिसने ते तळ्यावरच्या त्याच्या खोपटात नेलं. थर्मासखाली ठेवायला बरं पडतं म्हणाला.

२१ जानेवारी

सरावाच्या स्वयंपाकघरात अंडं. एका हाताने फोडणं, एका हाताने पॅन. ऑर्विल यांनी सगळं स्वतः केलं. मी समोर उभी होते, बस्स. ते प्रत्येक वेळी मान वर करून माझ्याकडे बघतात. यात काळजीचं काही नाही. इतकी वर्षं आरशातून मागच्या बाकांवरची पोरं बघितलेला माणूस, काही करण्याआधी वर बघणारच. मी भुवई उचलली की पुढचं काम करतात, आवळली की थांबतात. रुग्णाशी असं सूर जुळणं कोर्समध्ये शिकवत नाहीत.

नोंद: स्वतंत्रपणे.

३० जानेवारी

ऑर्विल यांच्या मुलीचा, ग्वेनचा फोन. ती फार्गोला असते. तिने मला नीट समजावलं. मार्चच्या मध्यात त्यांना एक दिवस घरी नेऊन बघायचं. कपडे, न्याहारी, बाथरूम, सगळं एकट्याने जमलं तर ते तळ्याकाठच्या घरी राहतील. नाही जमलं तर आमच्याच इमारतीत, पलीकडच्या, कायम राहणाऱ्यांच्या विभागात. ती वाईट मुलगी नाही. झटका आला तेव्हा बाबा रात्रभर फरशीवर पडून होते, ते तिलाच सापडले. मी तिला सांगितलं की काळजी करू नकोस, ते सगळं करतात, आणि त्या दिवशी मी स्वतः तिथे असेन.

ऑर्विल यांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, त्या पलीकडच्या विभागात माझी मार्गरेट गेली. मला तिथली छतं माहीत आहेत."

मी म्हटलं, तुम्हाला तिथे जायचंच नाहीये.

१२ फेब्रुवारी, सकाळी

लाइलने बोलावलं. आधी हवेबद्दल बोलला, मग माझ्या आईच्या गुडघ्याबद्दल. आमच्याकडे माणूस आईच्या गुडघ्यावर आला की समजावं, नोकरीचं काहीतरी आहे.

माझं लायसन्स संपलंय. महिन्याच्या सुरुवातीलाच. मी त्याला बोटाने भिंत दाखवली. तो म्हणाला, ते राष्ट्रीय प्रमाणपत्र, लॉरेल. लायसन्स राज्याचं असतं. वेगळं. दोन्ही लागतात. मी म्हटलं, मला माहीत आहे. (मला माहीत होतं. शिकताना माहीत होतं. मधे कुठेतरी दोन्ही कागद डोक्यात एक झाले.)

म्हणजे अख्ख्या देशाला मान्य आहे की मला काम येतं, फक्त ज्या राज्यात मी उभी आहे तिथे येत नाही.

आजपासून रुग्णाला हात लावायचा नाही. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. लाइलला बोर्डाला कळवावं लागलं. फार वाईट वाटलं त्याला, खरंच. मला टॉवेल घड्या करायचं आणि सामान पुसायचं काम दिलं. दोन आठवड्यांत होईल सगळं, मी त्याला सांगितलं. त्याने ऑर्विल यांच्या घरच्या परीक्षेची तारीख विचारली. मी म्हटलं, त्याच्या आधीच.

१३ फेब्रुवारी

कॉरिडॉरमध्ये ऑर्विल भेटले. त्यांना सगळं कळलेलं. इथे बातमी जेवणाच्या गाडीबरोबर फिरते. म्हणाले, मी शाळेची बस चालवली, एकदाही लायसन्स संपू दिलं नाही, आणि मला साधा शर्ट घालता येत नाही म्हणून तू मला शिकवणार होतीस ना? मी म्हटलं, तुमचा शर्ट आता तुम्हाला येतो. ते हसले नाहीत. म्हणाले, तू नसताना आज बाहीच सापडली नाही.

एखादा दिवस वाईट जातोच. मी त्यांना तसं सांगणार होते. सांगता येत नाही, नियम आहे. मी टॉवेल घेऊन पुढे गेले.

१७ फेब्रुवारी

लायसन्ससाठी राहिलेले कोर्स कम्प्युटरवर. आजचा विषय व्यावसायिक आचारनीती. बाई बोलतात चांगल्या पण दमाने. मधे मधे पडद्यावर चौकट येते, तुम्ही अजून आहात का, म्हणून. मी विणता विणता ऐकत होते, त्यामुळे ती दिसली नाही. अर्धा कोर्स वाया. पुन्हा पहिल्यापासून. कर्टिस म्हणाला, झोपेचे तास धरत असतील तर तू डॉक्टर होशील.

मी त्याला म्हटलं, तू भोकाकडे बघ.

२२ फेब्रुवारी

बोटांचे ठसे. लायसन्स एकदा संपलं की गुन्हेगार नसल्याचं पुन्हा सिद्ध करावं लागतं. शेरीफच्या ऑफिसात कर्टिसचा चुलतभाऊच ड्युटीवर होता. तरी त्याने माझं नाव विचारलं, कारण विचारायचं असतं. मग काचेवर बोटं ठेवायला लावली. मशीन काही घेईना. दहाही बोटं. त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, वहिनी, तुमच्या बोटांवर काही नाहीच.

दिवसभर हात धुणं आणि ते जंतुनाशक जेल. एवढी वर्षं. सगळं घासून गेलंय. तो म्हणाला, बँक लुटायला तुमच्याएवढं लायक माणूस गावात नाही. क्रीम लावा, हात जपा, महिन्याने या.

महिन्याने म्हणजे परीक्षेनंतर. मी क्रीमची सर्वांत मोठी बरणी आणली. ठसे लवकर यावेत म्हणून दिवसातून बऱ्याच वेळा लावते. कर्टिसला दाराची मूठ फिरवता येत नाही.

२७ फेब्रुवारी

राज्याच्या कायद्यांची परीक्षा. पुस्तक उघडं ठेवून द्यायची असते, म्हणजे नापास होणं अवघडच. नापास झाले.

चूक माझी नाही. प्रश्न नीट लिहिलेले नव्हते. एक तर फारच वाईट. रुग्ण स्वेटर घालतो आहे, सहायक त्याला 'आता दुसरा हात' एवढंच सांगते. रुग्णाने काम स्वतंत्रपणे केलं असं म्हणता येईल का? मी लिहिलं, अर्थात. चूक. त्यांचं म्हणणं, शब्दाने सुचवणं हीसुद्धा मदत. खुणेने सुचवणं हीसुद्धा. हा प्रश्न ज्याने लिहिला त्याने कधी माणसाला स्वेटर घालताना पाहिलेलं नाही. बोर्डाला तसं पत्र लिहिलं. चांगलं उतरलं. पाठवलं नाही.

६ मार्च

स्वयंपाकघराच्या दाराला काच आहे. मी टॉवेलची गाडी घेऊन तिथून जात होते. (तो लाँड्रीचा रस्ता नाही, पण मोकळा असतो.) आत ऑर्विल, हातात मोजा. मारिसोल समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. बोलत नाही, हलत नाही. तोंडावर काही नाही. असं तोंड मी फक्त पत्ते खेळताना पाहिलंय.

किती वेळ तो मोजा हातात. मला बघवेना. एवढ्यात ऑर्विल यांनी दाराकडे बघितलं आणि मला पाहिलं. मी काही केलं नाही. भुवई आपोआप वर गेली. मोजा लगेच पायात.

मारिसोल उठली आणि तिने काचेवरचा पडदा ओढला.

८ मार्च

मारिसोल लाँड्रीत आली. माझ्याबरोबर टॉवेल घड्या करायला लागली, न विचारता. कडा जुळवत नाही ती. मग म्हणाली, "लॉरेल, तुझा चेहरा समोर नसेल तर त्यांना मोजा घालता येत नाही."

मी म्हटलं की ते आमचं जुळलेलं आहे, विश्वास असतो रुग्णाचा. ती म्हणाली, घरी कोण असेल? मी म्हटलं, मी चार मैलांवर राहते. तिने पुढचा टॉवेल उचलला. पुढे म्हणाली, परीक्षा पुढे ढकलूया का, ग्वेनला फोन करूया का. मी म्हटलं, नको. माझ्या नोंदींत सगळीकडे स्वतंत्रपणे लिहिलंय. आता पुढे ढकलली तर नोंदी खोट्या ठरतील.

तिने एकदाच विचारलं. तिला ही सवयच नाही.

१४ मार्च

घरची परीक्षा. मी शेजारीण म्हणून गेले, हॉटडिश घेऊन. बटाट्याची, ओव्हनमध्ये भाजलेली, वर कुरकुरीत थर. मारिसोलने येऊ दिलं, पण अट घातली. दिवाणखान्यात बसायचं, बोलायचं नाही, आणि चेहऱ्याने काही करायचं नाही. ग्वेन सोफ्यावर कोट न काढता बसलेली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, तुमच्या नोंदी वाचून धीर आला.

दिवाणखान्यातून स्वयंपाकघर सरळ दिसतं. कपडे बरे घातले त्यांनी, वेळ लागला, पण घातले. मग स्टोव्ह लावला. अंडं घेतलं. आणि थांबले. अंडं हातात. मान वर केली. मारिसोल भिंतीला टेकून, पुतळा. मग त्यांनी दारातून माझ्याकडे बघितलं.

मी तळ्याकडे बघितलं. खिडकीतून तळं दिसतं. पांढरं, सपाट, दूरवर कुणाची तरी खोपटं. त्या तळ्याकडे मी जन्मात इतकं बघितलं नसेन. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं, ते अजून बघतायत. पॅन तापल्याचा वास आला.

शेवटी त्यांनी अंडं परत खोक्यात ठेवलं. हळूच, फुटू न देता. स्टोव्ह बंद केला आणि म्हणाले, "आज भूक नाही मला."

ग्वेनने माझा हात सोडला.

परत येताना गाडीत ऑर्विल पुढे बसले होते. मारिसोलने ग्वेनकडून एप्रिलपर्यंत मुदत मागून घेतली. ग्वेन हो म्हणाली, पण पलीकडच्या विभागात खोली बघून गेली.

स्टोव्ह वेगळा होता. सरावाच्या स्टोव्हची बटणं पुढे आहेत, हा वेगळा.

नाही. तो त्यांचाच स्टोव्ह.

१५ मार्च

ऑर्विल टॉवेल न्यायला आले, म्हणजे येण्याचं निमित्त. मला म्हणाले, तू बघितलं का नाहीस काल? मी म्हटलं, परवानगी नव्हती. ते म्हणाले, मला वाटलं तू रागावलीस.

आज याच्यापुढे काही लिहीत नाही.

२० मार्च

कायद्याची परीक्षा पुन्हा. पास. युक्ती सापडली. कर्टिसने प्रश्न वाचले, मी मनात पहिलं येईल ते उत्तर बाजूला ठेवलं आणि त्याच्या उलट लिहिलं. कर्टिस म्हणाला, लग्नाचंही असंच करायला हवं होतंस. त्या स्वेटरच्या प्रश्नाला मात्र उलट करायची वेळ आली नाही. ते उत्तर मला आता सरळच येतं.

२९ मार्च

शेरीफचं ऑफिस. ठसे आले. सगळे. चुलतभाऊ म्हणाला, वहिनी, बँकेचं राहिलं. एवढे दिवस रुग्णाला हात लावला नाही, जेल नाही, म्हणून बोटांवर रेषा उगवल्या. माझ्या हातांना काम नव्हतं म्हणून मी पुन्हा माझी झाले, अशा अर्थाचं काहीतरी लिहायचं होतं. क्रीममुळे पेन घसरतंय.

४ एप्रिल

पडदा अजून ओढलेलाच असतो. मी बघत नाही. ऐकू येतं तेवढं ऐकते. आज आतून बराच वेळ काहीच नाही, मग पॅनचा आवाज, मग ऑर्विल यांची शिवी, नॉर्वेजियन, आजोबांकडून आलेली. मग करपल्याचा वास. मारिसोल एका शब्दाने बोलली नाही. मी असते तर करपू दिलं नसतं.

मग काटा ताटलीवर वाजला. खात होते. करपलेलं.

८ एप्रिल

दुसऱ्यांदा घरची परीक्षा. मला कुणी बोलावलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दिवसभर टॉवेल. कडा जुळवून. संध्याकाळी मारिसोल आली, ओले बूट, दारातच उभी राहिली. म्हणाली, शर्टाचं एक बटण चुकलं, अंड्यात टरफल गेलं, बाथरूमला फार वेळ लागला. मी म्हटलं, अरेरे. ती म्हणाली, सगळं एकट्याने केलं, लॉरेल. ग्वेनने सही केली.

मी म्हटलं, पाया पक्का होता म्हणून.

मारिसोलने बूट पायपुसण्यावर आपटले. मग म्हणाली, हो, शर्ट तूच शिकवलास त्यांना. ती दयाळू आहे. हे मी आधी कुठे लिहिलं नव्हतं.

११ एप्रिल

ऑर्विल घरी गेले. सगळे दारापर्यंत आले होते. मारिसोलला म्हणाले, वाईट नाही. माझ्याजवळ थांबले, काठीमुळे हात मोकळा नव्हता म्हणून कोपराने माझ्या कोपराला हलकं ढोसलं. विचारलं, लायसन्स आलं का? मी म्हटलं, येईलच आता. ते म्हणाले, घाई नाही.

त्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. मी हात खिशात ठेवले. दोन्ही.

१८ एप्रिल

आलं. साधा कागद, सोनेरी काही नाही, घरच्या प्रिंटरवर छापल्यासारखा. दोन वर्षांसाठी. लाइलने हात मिळवला आणि पुढच्या वेळी दोन महिने आधी आठवण करू का, असं विचारलं. मी म्हटलं, छे, कशाला. तो दुसऱ्यांदा विचारेपर्यंत मीच म्हटलं, कर. तो गोंधळला.

दुपारी नव्या रुग्ण, खांद्याचं हाड मोडलेल्या बाई. स्वेटर. मी हात मांड्यांखाली दाबून बसले. त्यांनी गळा शोधला, सोडला, पुन्हा शोधला. घाम मला. शेवटी त्या म्हणाल्या, बाई, तुम्हाला बाथरूमला जायचंय का?

नोंद: खुणेची मदत लागली. (एकदाच. जीभ टाळ्याला लावून च् केलं.)

२० एप्रिल, सकाळी

आज सुट्टी. तळ्याच्या रस्त्याने गेले. तो बाजाराचा रस्ता नाही, पण मोकळा असतो. बर्फ काठाने काळा पडलाय. ऑर्विल यांच्या फाटकाशी गाडी हळू केली, एवढंच. ते बाहेर आले होते, पत्रांच्या पेटीपर्यंत, काठी टेकत. चालणं चांगलं. रंग चांगला. स्वेटर उलटा. शिवणी सगळ्या बाहेर, आणि लेबल गळ्यापुढे, म्हणजे पुढचं मागेही.

हॉर्न वाजवायचा नाही असं ठरवलं. वाजवला. काच खाली केली आणि स्वतःच्या गळ्याशी बोट नेऊन दाखवलं, लेबल, लेबल. त्यांनी वर बघितलं. उजव्या हातात काठी होती, म्हणून त्यांनी डावा उचलला. छातीपर्यंत आला. बोटं उघडली. ते मला हात करत होते.

मी अजून एकदा गळ्याशी बोट नेलं. त्यांनीही पुन्हा हात केला. मग पत्रं काखेत घेतली, वळले, आणि पायऱ्या चढून आत गेले. दार त्यांनीच लावलं.

स्वेटर तसाच.